खिडकीत दिसतो तेवढाच सौदा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांच्या ऑनलाइन वावराविषयी वृत्तपत्रांत वरचेवर छापून येते. त्यात आभासी जगांचा विषय बहुतेक वेळा 'गेम' या एका शब्दात उरकला जातो. ज्या जगांत लेव्हल नाही, जिंकणे-हरणे नाही, तिथे मुले तासन् तास काय करतात हे त्या शब्दातून कळत नाही. तिथे फसवणूक नेमकी कशी होते, हे तर अजिबातच कळत नाही. म्हणून हे पत्र.

उदाहरणासाठी हॅबो घेऊ. फिनलंडमध्ये २००० साली सुरू झालेले हे आभासी हॉटेल आजही चालू आहे. खाते उघडले की एक अवतार, म्हणजे पडद्यावर आपल्या जागी वावरणारी आकृती, मिळतो, स्वतःच्या खोल्या करता येतात, त्यात सामान मांडता येते, इतरांच्या खोल्यांत जाऊन गप्पा मारता येतात आणि सामानाची देवघेव करता येते. या सामानाला खेळणारे 'फर्नी' म्हणतात. अशा बहुतेक जगांचा गाभा हाच असतो. खोली, गप्पा आणि ट्रेड, म्हणजे ही देवघेव. नुकसान होते ते मुख्यतः तिसऱ्यात, पण त्याची सुरुवात पहिल्या दोन्हींत होते.

खोली सजवणे हे वरून दिसते त्यापेक्षा बारकाईचे काम आहे. जमीन चौकटींत विभागलेली असते आणि प्रत्येक वस्तू ठरावीक चौकटी व्यापते. गालिचा आधी अंथरायचा, सामान नंतर ठेवायचे. खुर्च्या मांडून झाल्यावर गालिचा सरकवायला गेले तर तो त्यांच्याखाली जात नाही आणि सगळे उचलून पुन्हा मांडावे लागते. खोली तिरप्या कोनातून दिसते, त्यामुळे उंच कपाटे मागच्या भिंतींना लावावीत. पुढे ठेवली तर त्यांच्यामागचे काहीच दिसत नाही आणि तिथे उभ्या असलेल्या अवतारावर क्लिकही नीट होत नाही. दारासमोरची चौकट मोकळी ठेवावी. वॉलपेपर एकदा लावला की तो खर्ची पडतो, इन्व्हेंटरीत, म्हणजे आपल्या सामानाच्या साठ्यात, परत येत नाही, म्हणून महागडा वॉलपेपर प्रयोग म्हणून लावून पाहू नये.

सामान आपोआप हलवणारे 'वायर्ड' ठोकळे हा सर्वांत रंजक भाग. 'कोणी या पायरीवर पाऊल ठेवले' हा ट्रिगर, 'ते दार उघड' हा परिणाम आणि मध्ये हवी तर एखादी अट. तिन्ही ठोकळे एकाच चौकटीवर एकमेकांवर रचायचे. शेजारच्या चौकटीवर ठेवले तर काहीच घडत नाही आणि नवख्याला वाटते की ठोकळाच बिघडला. दुसरी चूक आणखी नकळत होते. ज्या वस्तूला ठोकळा जोडला आहे ती उचलून परत ठेवली, तर जागा तीच दिसते पण जोडणी तुटलेली असते आणि ठोकळा उघडून वस्तू पुन्हा निवडावी लागते. दहा-बारा वर्षांचे मूल कोणी न शिकवता हे जुळवत असेल, तर ते प्रोग्रॅमिंगची पहिली पायरी चढते आहे. 'वेळ वाया घालवतोस' म्हणण्याआधी पालकांनी एकदा ती खोली बघावी, असे मनापासून वाटते.

आता देवघेव. क्रेडिट म्हणजे तिथला पैसा. तो ट्रेडमध्ये थेट देता येत नाही. आधी त्याचे नाण्यात, पोत्यात किंवा सोन्याच्या विटेत रूपांतर करावे लागते. नाणी १, ५ आणि १० क्रेडिटची, पोते २० चे, वीट ५० ची. समोरच्याने ती घेऊन वटवली की रक्कम त्याच्या खात्यात जमा होते. ट्रेड सुरू केला की दोन भागांची एक खिडकी उघडते. एका बाजूला आपण द्यायचे सामान, दुसऱ्या बाजूला त्याने द्यायचे. दोघांनी मान्य म्हटले की पुन्हा एकदा पक्के करायला सांगितले जाते आणि ते झाले की वस्तू हातोहात बदलतात. मधे कोणी काही काढले किंवा घातले तर मान्यता रद्द होते आणि पहिल्यापासून सुरुवात.

ही दोन टप्प्यांची खिडकी फसवणूक टाळण्यासाठीच आहे. तिच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्याला लुबाडणे कठीण जाते. म्हणून लुबाडणाऱ्याचा सगळा खटाटोप समोरच्याला खिडकीबाहेर नेण्याचा किंवा खिडकीतले न पाहता बटण दाबायला लावण्याचा असतो. एवढे लक्षात घेतले की वेगवेगळ्या दिसणाऱ्या युक्त्यांची मुळे एकाच ठिकाणी सापडतात.

'आधी तू सोफा दे, दुसऱ्या ट्रेडमध्ये मी सिंहासन देतो, एकदम मावत नाही.' वस्तू खरेच जास्त असतील तर सौदा सम भागांत तोडावा. प्रत्येक खिडकीत दोन्ही बाजूंना जवळपास सारख्या किमतीचे सामान हवे. एक बाजू रिकामी असेल तर तो सौदा नसतो, दान असते, आणि यंत्रणाही त्याकडे तसेच पाहते.

'तुझी वस्तू दे, मी तिच्या दोन करून देतो.' अशी कोणतीही पद्धत खेळाडूच्या हातात नसते. वस्तूंची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि आपल्या पडद्यावर तिचे फक्त चित्र दिसते.

'खोली दाखवायची स्पर्धा आहे, एका दिवसासाठी उसने दे.' उसने देण्यासाठी वेगळे बटण नसते. देतानाच मालकी बदलते.

आणि घाई. समोरचा 'लवकर, लवकर' लिहीत राहतो, वस्तू घालतो, काढतो, परत घालतो, आणि तिसऱ्या खेपेला तिच्याऐवजी तशीच दिसणारी स्वस्त वस्तू ठेवतो. चित्र लहान असते, रंगाचा फरक पटकन लक्षात येत नाही. यावर उपाय सोपा आहे. पक्के करण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचे नाव आणि संख्या वाचायची, मर्यादित आवृत्तीची वस्तू असेल तर तिचा क्रमांकही. समोरचा घाई करत असेल तर खिडकी बंद करायची. प्रामाणिक माणूस ती परत उघडतो.

टेलिपोर्टबद्दल वेगळे सांगायला हवे. हे दरवाजे जोडीने मिळतात. एकात शिरले की माणूस दुसऱ्यातून निघतो. जोड्या कारखान्यातूनच बांधलेल्या असतात. एका जोडीतला एक आणि दुसरीतला एक घेतला तर हाती दोन निकामी कपाटे येतात. विकत घेताना दोन्ही एकाच खिडकीत घ्यावेत आणि लगेच मांडून जाऊन-येऊन पाहावे.

किमतीचा प्रश्न मुलांना फार सतावतो. एखादी खुर्ची दोन क्रेडिटला आणि तिच्यासारखीच दुसरी शेकडोंना का? दुकानात जी कायम मिळते तिची किंमत दुकानाच्या दरावर जात नाही. जी विकणे बंद झाले तिची संख्या ठरलेली असते. उलट लोक खेळ सोडून जातात, खाती बंद होतात, आणि त्यांत अडकलेल्या वस्तू बाजारातून नाहीशा होतात. म्हणून जुनी दुर्मीळ वस्तू चढते. कंपनीने तीच पुन्हा विक्रीला काढली की ती पडते आणि ते केव्हा होईल याची हमी कोणी देऊ शकत नाही. तेव्हा सगळी जमापुंजी एकाच 'रेअर'मध्ये घालू नये. खेळातल्याच बाजारपेठेत मागच्या सौद्यांचे सरासरी दर दिसतात, ते पाहावेत. मात्र ज्या वस्तूचे सौदे महिन्यात दोन-तीनच होतात तिची सरासरी दोन मित्र आपसांत चढ्या दराने खरेदी-विक्री करूनही फुगवू शकतात. दराबरोबर सौद्यांची संख्या बघायची ती यासाठी.

हे अर्थशास्त्र नवे नाही. १९८० च्या दशकात लुकासफिल्म या अमेरिकी कंपनीने कमोडोर ६४ या संगणकासाठी 'हॅबिटॅट' नावाचे आभासी जग केले. त्यातल्या काही विक्री-यंत्रांचे भाव चुकून असे लागले होते की ७५ टोकनला घेतलेली बाहुली गहाण-यंत्राला १०० टोकनला विकता येई आणि १८,००० ला घेतलेला स्फटिकाचा गोळा ३०,००० ला. काही खेळाडूंनी रात्रभर फेऱ्या मारल्या. सकाळी चालकांनी पाहिले तर त्या जगातला एकूण पैसा एका रात्रीत पाचपट झालेला. पैसा कुठून येतो आणि कुठे जिरतो याचा हिशेब चुकला की आभासी बाजारही खऱ्यासारखाच बिघडतो, हे तेव्हाच दिसले होते.

खिडकीबाहेरचा सर्वांत मोठा धोका म्हणजे खातेच जाणे. 'फुकट क्रेडिट' देणारी पाने हुबेहूब मूळ पानासारखी दिसतात. त्यावर टाकलेला पासवर्ड थेट चोराकडे जातो. दुसरी तऱ्हा अशी की 'हा कोड ब्राउझरमध्ये पेस्ट कर' असे सांगतात. त्या कोडमुळे लॉग-इन झालेल्या सत्राची किल्ली बाहेर जाते आणि चोराला पासवर्डची गरजही उरत नाही. असे झाले असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी ईमेलचा पासवर्ड बदलायचा, कारण खेळाचा नवा पासवर्ड तिथेच मागवला जातो. मग खेळाचा. मग सर्व उपकरणांवरून लॉग-आउट. मग दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डबरोबर वेगळा कोडही मागणारी सोय. पहिली पायरी वगळून दुसरी घेतली तर चोर तासाभरात परत आत असतो.

'खोटी खुर्ची गेली, त्यात काय एवढे' असे म्हणणाऱ्यांसाठी दोन नोंदी. २००७ मध्ये नेदरलँड्समध्ये एका सतरा वर्षांच्या मुलाला हॅबोतले सुमारे ४,००० युरोचे सामान चोरल्याच्या संशयावरून अटक झाली. बनावट पानांवर इतरांचे पासवर्ड मिळवून सामान हलवल्याचा आरोप होता. त्याच देशात दोन मुलांनी एका तेरा वर्षांच्या मुलाला मारहाण करून, सुरीचा धाक दाखवून 'रुनस्केप' या खेळातला त्याचा ताईत आणि मुखवटा स्वतःच्या खात्यात घेतला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ३१ जानेवारी २०१२ रोजी न्यायालयाने निकाल दिला की ही चोरीच आहे. त्या वस्तू मिळवायला वेळ आणि मेहनत लागली होती, त्या मुलाच्या ताब्यात होत्या आणि त्या ताब्यातूनच काढून घेतल्या गेल्या. वस्तू हाताला लागत नाही म्हणून चोरी हलकी ठरली नाही.

गप्पांविषयी थोडक्यात. साधे बोलणे जवळपासच्यांना ऐकू जाते, ओरडणे खोलीभर, कुजबुज एकालाच. खोलीच्या मालकाला दार उघडे ठेवता येते, घंटा लावता येते (मग त्याने होकार दिल्यावरच आत येता येते), पासवर्ड लावता येतो. त्रास देणाऱ्याला गप्प करता येते, बाहेर काढता येते, येण्यास बंदी घालता येते. मुलाच्या खोलीला निदान घंटा असावी. अपशब्दांची चाळणी असते, पण ती शब्द अडवते, हेतू अडवत नाही. अनोळखी माणूस गोड भाषेतच दुसऱ्या मेसेजिंग ॲपवर बोलावतो आणि तिथे खेळाचा मॉडरेटर, म्हणजे देखरेख करणारा माणूस, नसतो, खेळाचे तक्रारीचे बटण नसते. मैत्रीचा सौदाही खिडकीबाहेर न्यायला लागला की थांबायचे. जून २०१२ मध्ये ब्रिटनच्या चॅनल ४ ने हॅबोतल्या अश्लील संवादांवर बातमी दिल्यानंतर कंपनीने वेगवेगळ्या देशांसाठीच्या सगळ्या हॉटेलांतले चॅटच काही काळ बंद ठेवले होते. चाळणी पुरेशी नव्हती हे त्यातून दिसलेच.

शेवटी तक्रारीबद्दल. दोघांनी पक्का केलेला ट्रेड कंपन्या सहसा उलटवत नाहीत, हे मुलांना आधीच स्पष्ट सांगावे. खाते चोरीला गेले असेल तर मात्र नोंदींचा उपयोग होतो. फसवणूक झाल्यावर त्या माणसाशी भांडू नये, कारण त्या वादात आपल्याच तोंडून काही जाऊन आपलेच खाते बंद होण्याची पाळी येते. पडद्याचे चित्र घ्यावे. त्यात समोरच्याचे नाव अक्षर-न्-अक्षर दिसावे, कारण चोर आपल्या नावात इंग्रजी ओ च्या जागी शून्य किंवा लहान एल च्या जागी एक वापरतात. खोलीचे नाव, तारीख, वेळ, वस्तूचे नाव आणि क्रमांक वहीत लिहावेत. तक्रार खेळातल्या बटणावरून करावी, मदत करतो म्हणणाऱ्या एखाद्या 'मॉडरेटर'कडे नव्हे, कारण खरा मॉडरेटर पासवर्ड कधीच मागत नाही.

आपल्या वृत्तपत्रात मुलांसाठी आणि पालकांसाठी जागा असते. तिथे या ट्रेड-खिडकीचे एक मोठे चित्र छापून तिच्या दोन्ही बाजू आणि दोन्ही बटणे खुणा करून दाखवावीत, एवढी विनंती.

आपले,
आभासी खोल्यांमध्ये नियमित वावरणारे काही वाचक