बीज राखायला आईची शिदोरी लागते

महोदय,

विज्ञान पुरवणीत 'उड्या मारणाऱ्या जनुकां'वर, म्हणजे डीएनएमध्ये एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन बसणाऱ्या तुकड्यांवर, लेख आला, याचा आनंद आहे. पण त्यातले एक विधान दुरुस्त व्हायला हवे. फळमाशी ही उपद्रवी जनुके 'ओळखून नष्ट करते' आणि ही ताकद तिला 'आईवडिलांच्या जनुकांतून मिळते', असे लेखात म्हटले आहे. माशी ती नष्ट करत नाही. ती जागच्या जागी असतात, फक्त गप्प बसवलेली असतात. आणि त्यांना गप्प बसवायला नुसती जनुके पुरत नाहीत; आईने अंड्यात भरून दिलेले छोटे आरएनए लागतात.

याचा पुरावा एका साध्या संकरात मिळतो, आणि महाविद्यालयात तो करून पाहता येतो. हारविच जातीच्या माशीत पी-घटक नावाचे उडते जनुक आहे, कँटन-एस या प्रयोगशाळेतल्या जुन्या जातीत ते नाही. हारविच नर आणि कँटन-एस मादी एकत्र ठेवा, अंडी घातल्यापासून पिल्ले २९ अंश सेल्सिअसला वाढवा आणि तीन-चार दिवसांच्या मुलींचे अंडाशय क्षारद्रावणात सोडवून पाहा. निरोगी अंडाशय म्हणजे पंधरा-वीस नळ्यांचा टपोरा जुडगा. टोकाशी पक्व अंडी पांढरी दिसतात. इथे त्या जागी बारीक, पारदर्शक ठिपका सापडतो. आता संकर उलटा करा, मादी हारविच आणि नर कँटन-एस. अंडाशय भरलेले निघतात. दोन्हीकडच्या मुलींच्या केंद्रकातला डीएनए सारखाच आहे. फरक आहे तो अंडे कोणाचे, एवढाच.

प्रयोग फसतो तो बहुधा दोन कारणांनी. मादी शुक्राणू साठवून ठेवते, म्हणून ती कोषातून बाहेर पडल्यावर आठ तासांच्या आत वेगळी काढली नाही तर बाप कोण हेच कळत नाही. दुसरे तापमान. १८-२० अंशांना बऱ्याच मुलींचे अंडाशय ठीकठाक निघतात आणि विद्यार्थ्याला वाटते, काही घडलेच नाही.

वांझपण येते कसे? पी-घटक जेमतेम २,९०७ अक्षरांचा (अक्षर म्हणजे डीएनए-आरएनएच्या साखळीतला एक घटक). त्याच्यावरून बनलेल्या आरएनएमधला तिसरा इंट्रॉन (प्रथिन बनण्याआधी कापून काढायचा भाग) फक्त बीजपेशींत, म्हणजे अंडी आणि शुक्राणू बनवणाऱ्या पेशींत, काढून टाकला जातो, म्हणून डीएनए कापणारे विकर तिथेच तयार होते. ते डीएनए तोडत सुटते, तुटलेल्या दोऱ्यांमुळे पेशीची तपासणी यंत्रणा विभाजन थांबवते आणि बीजपेशी मरतात. शरीराच्या पेशींत इंट्रॉन तसाच राहतो. म्हणून माशी धडधाकट दिसते, पण निपुत्रिक राहते.

हारविच आईच्या अंड्यात मात्र बंदोबस्त आधीच केलेला असतो. आईने दिलेले ते छोटे आरएनए म्हणजे पाय-आरएनए, २३ ते २९ अक्षरांचे तुकडे. ते निघतात गुणसूत्रांवरच्या ठरावीक पट्ट्यांतून, जिथे जुन्या उडत्या जनुकांचे मोडके अवशेष साचलेले आहेत. दुसऱ्या गुणसूत्रावरची '४२एबी' ही अशीच सुमारे २ लाख ४० हजार अक्षरांची पट्टी. या तुकड्यांची पुढची चाल फार देखणी आहे. ऑबर्जीन हे प्रथिन उलट्या दिशेचा, म्हणजे उडत्या जनुकाच्या आरएनएशी जोडी जुळणारा, तुकडा हाती धरते. त्याचे पहिले अक्षर बहुधा यू असते. जुळणारा उपद्रवी आरएनए भेटला की तुकड्याच्या दहाव्या आणि अकराव्या अक्षरांच्या मधल्या जागेसमोर तो कापला जातो. कापलेल्या भागाचे नवे टोक एगो-३ हे प्रथिन उचलते; यू ची जोडी ए शी जुळते, म्हणून साहजिकच त्यात दहावे अक्षर बहुधा ए येते. मग हा नवा तुकडा पट्टीवरून आलेला आरएनए कापतो आणि पहिल्यासारखा तुकडा पुन्हा तयार होतो. शत्रू जितका बोलतो, तितकी त्याच्याविरुद्धची शस्त्रे वाढतात. याला पिंगपाँग चक्र म्हणतात आणि दोन तुकड्यांमधली नेमकी दहा अक्षरांची जुळणी ही त्याची खूण. तिकडे केंद्रकात पिवी प्रथिन आपल्याजवळच्या तुकड्याच्या आधारे उपद्रवी जनुक गाठते आणि तिथल्या हिस्टोनवर (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर) मिथाइल खुणा चढवून त्याचे वाचनच बंद करते.

पिवी आणि ऑबर्जीन आपापले तुकडे घेऊन अंड्याच्या मागच्या टोकाला साठवलेले असतात, आणि पुढे बीजपेशी होणाऱ्या पेशी नेमक्या तिथेच बनतात. बापाच्या शुक्राणूतून हारविचच्या पट्ट्या येतात, पण ही शिदोरी येत नाही.

पाय-आरएनए मोजू पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. माशीच्या रायबोसोममध्ये ३० अक्षरांचा टू-एस आरएनए असतो. लांबीने तो पाय-आरएनएला इतका जवळचा की गाळला नाही तर वाचनांतला (यंत्राने वाचलेल्या आरएनए-क्रमांतला) मोठा भाग तोच खातो. आणि डीएनएवर अनेक जागी जुळणारी वाचने फेकून देऊ नका. उडत्या जनुकांच्या प्रती अनेक असल्यामुळे खरी माहिती त्यांतच असते.

२०११ मध्ये असेही दिसले की या संकरातल्या मुली सुमारे तीन आठवड्यांच्या झाल्या की त्यांची प्रजननक्षमता बरीच परत येते. बापाकडून आलेल्या पट्ट्यांतून पी-घटकाविरुद्धचे तुकडे उशिरा का होईना निघू लागतात, काही उडती जनुके पट्ट्यांतच जाऊन अडकतात. तेव्हा बापाचा वाटा शून्य नाही, तो उशिरा पोहोचतो. लेखातल्या वाक्यात 'नष्ट करते' याऐवजी 'गप्प बसवते' आणि 'आईवडिलांच्या जनुकांतून' याऐवजी 'आईने अंड्यात दिलेल्या आरएनएंच्या मदतीने' एवढे बदल करून दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– जनुकशास्त्र शिकवणारे दोन वाचक