भरती बघून नाश्ता

दादर, मुंबई

प्रिय सुनेत्रा,

सप्रेम नमस्कार.

"एवढ्या लांब जाऊन तिथे केलंस तरी काय?" असं तू फोनवर विचारलंस तेव्हा मी प्लॅटफॉर्मवर गर्दीत उभी होते. आज रविवार आहे, घरातले सगळे लग्नाला गेलेत, तर निवांत लिहिते.

अंदमानला गेलेली आपली माणसं सेल्युलर जेल बघतात, हॅवलॉकला राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त बघतात आणि परत येतात. सावरकरांच्या कोठडीसमोर मीही उभी राहिले, पण त्याबद्दल वेगळं लिहीन, ते या पत्रात मावणार नाही. माझा मुक्काम होता नील बेटावर, स्कूबा डायव्हिंगसाठी, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली पोहायला. कागदोपत्री ते आता शहीद द्वीप आहे. बेट लहानसं, गावांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना इथे वसवलं होतं. आज त्यांची मुलं-नातवंडं भाजी पिकवतात आणि ती बोटीने इतर बेटांवर जाते.

रस्ता संपतो तिथून नारळी-पोफळीतून पायवाट जाते आणि थेट वाळूवर उतरते. तिथे पाच-सहा लाकडी खोल्या आणि सिलिंडर, फिन्स, मास्क ठेवायची एक शेड. टीव्ही नाही, एसी नाही, फोनला रेंज मनात आलं तर. जेवायला एकच लांब टेबल. पाहुणे, शिकवणारे, बोटवाले सगळे तिथेच बसतात. स्वयंपाक करणाऱ्या मावशी बंगाली. त्यांनी मोहरी वाटून केलेलं सुरमईचं कालवण खाताना मला तुझ्या आईच्या तिरफळाच्या कालवणाची आठवण आली.

शेडच्या भिंतीवर एक फळा आहे. त्यावर रोज रात्री खडूने उद्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहितात. ओहोटीला समोरचा प्रवाळाचा पट्टा दूरवर उघडा पडतो आणि होडी हलूच शकत नाही. त्यामुळे नाश्ता एक दिवस सहाला, तर पुढे कधीतरी साडेनऊला. शिवाय घड्याळ तिथलं आणि मुंबईचं एकच, पण बेट आपल्यापासून जवळजवळ वीस अंश पूर्वेला. मार्चमध्ये पहाटे पाचच्या सुमारास फटफटतं आणि संध्याकाळी साडेपाचला सूर्य बुडालेला असतो. पहिले एक-दोन दिवस मी चिडचिड केली. मग आठची झोप लागायला लागली. सुने, 8.12 ची लोकल धरण्यात इतकी वर्षं गेल्यावर समुद्राच्या सोयीने जेवण्यात किती सुख आहे ते मला सांगता येत नाही.

आता पाण्याखालचं. तुला भीती वाटते हे मला माहीत आहे, म्हणून सगळं नीट सांगते. शिकवतात उथळ पाण्यात, गुडघ्यांवर बसवून. पहिला नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खाली दाब दुप्पट असतो, तिथे भरून घेतलेली हवा वर येताना दुप्पट फुगते, म्हणून सतत सावकाश श्वास चालू ठेवायचा. कान दुखायच्या आधीच नाक चिमटीत धरून हलकेच हवा दाबायची. आणि अंगठा वर केला की त्याचा अर्थ "मस्त" नव्हे, "वर जायचंय". "ठीक आहे" म्हणायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. हे हात बोलायला लागले की खाली फार शांत वाटतं, कारण तिथे कोणी कोणाला हाका मारू शकत नाही.

मला सगळ्यात आवडलं ते पोपटमाशांचं खाणं. त्यांना चोचीसारखे दात असतात. प्रवाळावरचं शेवाळ खरवडताना ते प्रवाळही कुरतडतात, आणि तो कर्रकर्र आवाज पाण्यात स्वच्छ ऐकू येतो. घशातल्या दातांनी दळलेला चुना ते मागे सोडतात. मी एका माशाच्या मागून तरंगत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर पांढऱ्या भुकटीचा एक ढग खाली बसला. किनाऱ्यावर ज्या वाळूत आम्ही पाय पसरून चहा प्यायचो, तिच्यातला मोठा भाग असाच तयार झालेला. त्या दिवसापासून मी ती वाळू मुठीत घेऊन बघत बसायचे. थोडीसुद्धा आणली नाही. शंख, प्रवाळ तर आणूच देत नाहीत, विमानतळावर सामान तपासतात, आणि ते योग्यच आहे.

एका समुद्रफुलात (फुलासारखा दिसणारा, खडकाला चिकटून राहणारा प्राणी) बोटाएवढा नारिंगी क्लाउनफिश मासा राहत होता, तो माझ्या मास्कवर धावून यायचा. या जातीत सगळे नर म्हणूनच जन्मतात. घरातली मोठी मादी मेली की तिच्या जोडीचा नर मादी होतो. हे रात्री टेबलावर कळलं, आणि दुसऱ्या दिवशी मी त्याच समुद्रफुलापाशी पुन्हा गेले.

सगळंच सुंदर नाही. 2010 मध्ये पाणी तापलं आणि अंदमानचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, 2016 मध्ये पुन्हा. प्रवाळाच्या आत राहणारं सूक्ष्म शेवाळ बाहेर पडतं, रंग जातो आणि त्या शेवाळाकडून मिळणारं खाणंही बंद होतं. राखाडी झालेले मोठे तुकडे मी पाहिले, त्यावर मध्येच तळहाताएवढं नवं प्रवाळ. बोटवाल्या दादांनी जुनी जागा दाखवत "इथे पूर्वी हरणाच्या शिंगांसारखं होतं" एवढंच म्हटलं आणि इंजिन चालू केलं. मला रडू आलं. परत आल्यावर आठवलं, 2020 मध्ये कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीचे प्रवाळ उचलून दुसरीकडे लावले होते. हाजी अलीला आपण किती वेळा ज्यूस पीत उभ्या राहिलो, समोरच्या खडकांत प्रवाळ आहेत हे आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. आता ओहोटीला मी तिथे जाऊन बघते. तूही ये.

शेवटच्या दिवशी डाइव्ह नाही, कारण विमानाआधी किमान 18 तास पाण्याबाहेर राहायचं असतं. तो दिवस लक्ष्मणपूरच्या खडकाच्या कमानीपाशी घालवला.

आता कामाचं. नोव्हेंबर ते एप्रिल समुद्र शांत असतो, म्हणून मी डिसेंबर धरतेय. पोहता येत नसलं तरी शिक्षकासोबत पहिली डाइव्ह करता येते, बारा मीटरपेक्षा खोल न जाता. पूर्ण कोर्सला मात्र दोनशे मीटर पोहावं लागतं आणि दहा मिनिटं तरंगावं लागतं. तुझं सायनसचं दुखणं आहे, तेव्हा आधी कानाच्या डॉक्टरांना विचार आणि ते काय म्हणतात ते लगेच कळव. ते हो म्हणाले तर महात्मा गांधी जलतरण तलावावर पोहायला आपण दोघींनी जायचं, सकाळची बॅच. नाही म्हणाले तरी तू चलच, मास्क लावून वरूनही पुष्कळ दिसतं, आणि मावशींचं कालवण आहेच. विमानाची तिकिटं महागण्याआधी मला तारखा दे.

काकूंना नमस्कार, चिन्मयला आशीर्वाद.

तुझीच,
मीनल