मायलेज आणि ताकद: निपाणीच्या मित्रास पत्र

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय विजय,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. लोटस सेव्हन या हलक्या, उघड्या स्पोर्ट्स कारच्या धर्तीवरच्या तुझ्या गाडीची चासी उभी राहिली आणि मारुती जिप्सीचे १३०० सीसीचे इंजेक्शनवाले इंजिनही हाती आले, हे वाचून फार आनंद झाला. मात्र त्यावर रेसचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि इंजेक्शनऐवजी दोन कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारी जुनी यंत्रणा) चढवायचे आणि अ‍ॅव्हरेजही उत्तम हवे, असे तू लिहितोस. ही आखूडशिंगी बहुदुधी गाय मिळणे कठीण, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुळात ताकद तुझ्याकडे आहेच. हजार किलोच्या आसपास वजनाची जिप्सी ओढणारे ८० अश्वशक्तीचे इंजिन सहाशे किलोच्या गाडीत बसले, की टनाला १३० हून अधिक अश्वशक्ती पडते. रेसच्या कॅममध्ये मिश्रण आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे असे दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात. त्याचा फायदा वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला जास्त फेरे घेते तेव्हा. खाली मात्र हवा-पेट्रोलचे ताजे मिश्रण न जळताच सायलेन्सरची वाट धरते आणि पिकअप जातो. तवंदीचा घाट असो वा संकेश्वरची गर्दी, आपण इंजिन बहुतेक वेळ दोन ते साडेतीन हजारांतच फिरवतो. तिथेच ते अशक्त केले, तर त्या कॅमचा उपयोग गल्लीतल्या पोरांना आवाज ऐकवण्यापुरताच.

कार्ब्युरेटरबद्दल माझा विरोध अधिक ठाम आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच असल्याने इथली हवा किनाऱ्यापेक्षा सात-आठ टक्के विरळ आहे. अ‍ॅव्हरेजच्या लोभाने इथे बारीक जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे छिद्र) घालून ट्यूनिंग केलेली गाडी चोर्ला घाट उतरून पणजीला गेली, की दाट हवेत तिचे मिश्रण आणखी पातळ, म्हणजे कमी पेट्रोलचे होते. त्यात भर पेट्रोलची. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाच्या १४.७ पट हवा लागते, वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे १३.५ पट, म्हणजे त्याच जेटमधून येणारे इंधन अपुरे पडते. मग चढावर नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) सुरू होते आणि पिस्टन तापतो. इंजेक्शनमध्ये हवेचा दाब मोजणारा आणि धुरातला ऑक्सिजन ओळखणारा असे दोन सेन्सर हा हिशेब क्षणोक्षणी सांभाळतात. हलक्या पायाने चालवताना मिश्रण काटकसरीचे, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर श्रीमंत, म्हणजे जास्त पेट्रोलचे. तुला हवा असलेला समतोल तिथे आयताच आहे, तो काढून फेकू नकोस.

खर्च करायचाच असेल तर गिअरवर कर. चाक एका फेऱ्यात १.९ मीटर जाते असे धर. डिफरन्शियलचे (चाकांजवळच्या शेवटच्या गिअरचे) प्रमाण ४.१ आणि वरचा गिअर सरळ १ असेल, तर ताशी १०० किलोमीटरला इंजिन ३६०० आरपीएमवर ओरडते. पाचवा गिअर ०.८ चा असला तर तेच काम २९०० मध्ये होते. थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) थोडा जास्त उघडा आणि फेरे कमी, अशा स्थितीत हवा ओढण्यात व घर्षणात वाया जाणारी शक्ती घटते. ओव्हरटेक करायचा असेल तर एक गिअर खाली घे, तुझे ८० घोडे कुठेही गेलेले नाहीत.

महामार्गावर मात्र हलके वजन कामी येत नाही. १९५७ साली लोटसच्या कॉलिन चॅपमनने घडवलेली ही सेव्हनची आकृती उघड्या चाकांची आणि उभ्या काचेची. हवा कापण्याच्या बाबतीत ती अगदीच अडाणी. ताशी ८० वरून १०० वर गेलास की हवेचा अडथळा दीडपट होतो आणि तो तोडायला जवळजवळ दुप्पट शक्ती लागते. उभ्या काचेऐवजी बुटकी, तिरकी काच लावता आली तर पाहा. डोळ्यांत धूळ जाईल, पण पेट्रोल वाचेल.

ताकद आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही वाढवणारा एक उपाय आहे: कॉम्प्रेशन, म्हणजे पेटण्याआधी मिश्रण किती पट दाबले जाते ते. इथेनॉलमुळे ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग टाळण्याची इंधनाची क्षमता, वाढतो, त्यामुळे ९ चे प्रमाण ९.५ करण्यास वाव आहे. त्यासाठी दर सिलिंडरमागे जेमतेम अडीच सीसी जागा कमी करावी लागते. हेड (सिलिंडरवरचे झाकण) इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ग्राइंड करून घेऊ, पण त्याआधी हेडमधल्या चेंबरमध्ये ब्युरेटने (मोजमापाच्या काचनळीने) तेल सोडून चारही मापे काढ आणि कळव. व्हॉल्व्ह पिस्टनला लागणार नाहीत ना, तेही पाहून ठेव. इंजिनबदलाची नोंद आरसीवर करण्याचे कागद तेवढ्यात आरटीओकडे दे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सदा