मृणालला पत्र : दुपारनंतरचं फ्रेंच

टोरोंटो,
12 ऑगस्ट

प्रिय मृणाल,

क्युबेकमधल्या माझ्या पाच आठवड्यांच्या फ्रेंचच्या वर्गाबद्दल तू सगळं विचारलंस : सकाळी पुस्तक कोणतं होतं, सब्जाँक्तिफ (क्रियापदाचं ते अवघड रूप) कसा शिकवला, चाचण्या कशा घेतल्या. ते दोन ओळींत आटोपते, कारण त्यात तुला नवीन काही नाही. तू अकरावी-बारावीला जे शिकवतेस तेच होतं, फक्त जरा जास्त बोलून घेत. मला तुला सांगायचंय ते दुपारनंतरचं. जेवणं झाली की वह्या बंद व्हायच्या आणि कार्यशाळा, भटकंती, संध्याकाळचे कार्यक्रम सुरू व्हायचे. माहितीपत्रकात हे सगळं अगदी शेवटच्या पानावर, ‘सांस्कृतिक उपक्रम’ या नावाखाली होतं. माझी जीभ सुटली ती या शेवटच्या पानामुळे.

आधी ठिकाणाबद्दल थोडं. इथलं केंद्र सरकार ‘एक्सप्लोर’ नावाची शिष्यवृत्ती देतं. नागरिकांना आणि पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) असलेल्यांना तिच्यावर पाच आठवडे दुसऱ्या राजभाषेच्या (इंग्रजी किंवा फ्रेंच) मुलखात राहून ती शिकता येते. शिकण्याचा, राहण्याचा, जेवणाचा खर्च त्यातच. मी माँट्रियल मुद्दाम टाळलं. तिथे तुम्ही एका शब्दावर अडखळलात की समोरचा चांगुलपणाने इंग्रजीवर येतो. मी शिकूतिमी निवडलं. क्युबेक शहरापासून उत्तरेला दोनशे किलोमीटर, वाटेत नुसतं अरण्य, आणि मग सागने नदीच्या काठी हे गाव. दुकानात, बसमध्ये, बँकेत सगळीकडे फ्रेंचच. आणि तेही बोलायला भरभर, वाक्याच्या शेवटी ‘ला-ला’ जोडायच्या खास इथल्या लकबीसह. आल्या आल्या एका कागदावर सही करून द्यायची : इथे असेपर्यंत फक्त फ्रेंच. वसतिगृहात, कँटीनमध्ये, आपापसातसुद्धा. घरच्या फोनला तेवढी सूट.

पहिली कार्यशाळा स्वयंपाकाची होती, तुर्तियेरची. क्युबेकमध्ये इतरत्र तुर्तियेर म्हणजे खिमा भरून भाजलेला चपटा ‘पाय’ (pie). सागने आणि लाक-सँ-जाँ भागात मात्र हे एक खोल भांडं असतं. दोन-तीन प्रकारच्या मांसाचे आणि बटाट्याचे लहान चौकोनी तुकडे, कांदा, मीठ-मिरी, वरून पाणी, खाली-वर पिठाची पोळी, आणि मग मंद ओव्हनमध्ये कित्येक तास. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या. त्यांनी कृतीचा कागद दिलाच नाही. तोंडाने सांगायच्या आणि हाताने करायच्या. बटाटा मोठा चिरला गेला की सुरी आमच्या हातातून घेऊन पुन्हा दाखवायच्या. ‘एवढा’, ‘याहून बारीक’, ‘अजून थोडं पाणी, कडेने’ हे शब्द अख्ख्या बारावीत माझ्या तोंडून कधी निघाले नव्हते, मृणाल. आपल्या दोघींना शंभरात किती मिळाले होते ते तुला आठवतंय. फ्रेंच म्हणजे ‘स्कोअरिंग’ विषय! एवढे मार्क मिळवूनही कुणाला ‘बटाटा बारीक चिरा’ असं सांगायची वेळ आपल्यावर आली नव्हती.

पण खरं शिक्षण भांडं ओव्हनमध्ये गेल्यावर सुरू झालं. ते शिजायला सगळी दुपार लागणार होती आणि बाई कुठे जाणार नव्हत्या. त्यांनी गुर्गानच्या शेंगा पुढ्यात ओतल्या (आपल्या पावट्याच्या जातीच्या, त्यांचं सूप ही इथली खासियत) आणि आम्ही सोलत बसलो. सोलता सोलता त्यांना सगळं ऐकायचं होतं. आई काय करते, तुमच्याकडे सून सासरी राहते का, थंडी नसताना भाज्या किती महिने मिळतात. नुसतं ‘वुई’ (हो) म्हणून सुटका नव्हती, कारण त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. वर्गात शिक्षकाला उत्तर आधीच माहीत असतं. इथे ते फक्त मला माहीत होतं.

दर बुधवारी नाटकाची कार्यशाळा असायची, पण लिहिलेल्या नाटकाची नव्हे, उत्स्फूर्त, म्हणजे ‘इंप्रो’ची. हा प्रकार क्युबेकचाच : 1977 मध्ये माँट्रियलला ‘लिग नास्योनाल दँप्रोव्हिझासियों’ सुरू झाली, आणि तिने नाटकाला आइस हॉकीच्या सामन्याचा साचा दिला. हॉकीच्या मैदानासारखं कठडे घातलेलं रिंगण, दोन संघ, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेला पंच. पंच एक चिठ्ठी वाचतो : विषय, किती खेळाडू, किती मिनिटं, दोन्ही संघ मिळून की वेगवेगळे. मग संघाला आपसात कुजबुजायला वीस सेकंद. संपलं की प्रेक्षक रंगीत पुठ्ठे वर करून मत देतात. कुणी घासून गुळगुळीत झालेला विनोद केला की पंच काझू (गुणगुणून वाजवायची पिपाणी) वाजवून फाउल देतो.

माझ्या वाट्याला चिठ्ठी आली ‘शेवटची बस’. दोन खेळाडू, दोन मिनिटं. समोर व्हँकुव्हरचा एक मुलगा. वीस सेकंदांत माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, ती म्हणजे आपली चिपळूण-गुहागर एसटी. मी कंडक्टर झाले. तो काखेत एक काल्पनिक हंस घेऊन चढला. मी हंसाचं अर्धं तिकीट मागितलं. तो म्हणाला, हा मांडीवर बसेल. मी म्हटलं, तो पाच वर्षांच्या आत असता तर चाललं असतं, पण याचा चेहरा बघा! आणि असं वाढतच गेलं. रात्री गादीवर पडल्यावर लक्षात आलं की ‘सी’नंतर (‘जर’नंतर) इंपार्फे आणि पुढे काँदिस्योनेल, म्हणजे ‘असता तर... असतं’ची क्रियापदं, ज्यांचा तक्ता तू मला ट्रेनमध्ये पाठ करून घ्यायचीस, तो माझ्या तोंडून आपोआप बरोबर आला होता. आठवायला वेळच नव्हता. हंस खाली उतरवायचा होता.

आता ज्या दुपारबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय ती. शिकूतिमीच्या जुन्या भागात, नदीपाशी, एक लहानसं पांढरं घर आहे. जुलै 1996 मध्ये या भागात दोन-तीन दिवसांत प्रचंड पाऊस झाला, धरणांच्या कडांवरून पाणी वाहिलं, आणि शिकूतिमी नदी या वस्तीतून घुसली. आजूबाजूचं सगळं वाहून गेलं. हे घर दोन्ही बाजूंनी धबधबा कोसळत असताना उभं राहिलं. आता तिथे संग्रहालय आहे. पलीकडे ला बे भागात त्याच पुराच्या आठवणीत एक पिरॅमिड उभारलाय, रस्त्यावरच्या लाल-पांढऱ्या त्रिकोणी पाट्यांनी मढवलेला. तोही दाखवला.

पण नुसतं बघायचं नव्हतं. आम्हाला तिघातिघांत वाटून एकच काम दिलं : पन्नाशीच्या पुढचं माणूस शोधा आणि विचारा, ‘जुलै 1996 मध्ये तुम्ही कुठे होता?’ पुढचं तुमच्या नशिबावर.

आम्हाला बाकावर एक आजोबा भेटले, अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. प्रश्न ऐकून त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बोलायला लागले ते थांबलेच नाहीत. बहिणीचं घर, तळघरातलं पाणी, रात्री दगड एकमेकांवर आपटल्याचा आवाज. निम्मं कळत होतं, निम्मं निसटत होतं. मग त्यांनी सहज मला विचारलं, तुमच्याकडे पूर येतात का?

मी 22 जुलै 2021चा चिपळूणचा पूर सांगितला, मृणाल. वाशिष्ठी, बाजारपेठ, तुझ्या मामांचं दुकान. पहिल्या मजल्यापर्यंत चढलेलं पाणी, आणि ते उतरल्यावरचा चिखल. लोखंडी कपाट उघडलं तर आतल्या पैठण्यांतून चिखल निथळत होता, लग्नाचे अल्बम पानं चिकटून ठोकळे झाले होते. हे मी कधी इंग्रजीतही धड कुणाला सांगितलं नव्हतं. आजोबा मध्ये एकदाही बोलले नाहीत. संपल्यावर त्यांचा पहिला प्रश्न : विम्याचे पैसे मिळाले का? मग पंचनामा कसा होतो, तलाठी कोण, व्यापाऱ्यांना काय मिळालं आणि काय नाही, यावर आमचं अर्धा तास बोलणं झालं. माझ्या व्याकरणाची त्या अर्ध्या तासात चाळण झाली असणार. त्यांनी एकदाही दुरुस्ती केली नाही, कारण त्यांना उत्तर हवं होतं.

मला वाटतं, इतक्या वर्षांत आपण जे शोधत होतो ते हेच. भाषा पक्की झाली की मग माणसांशी बोलू, असं आपण धरून चाललो होतो. इथे उलट्या क्रमाने नेतात, आणि तोच क्रम बरोबर आहे.

ला पुल्परीबद्दल थोडक्यात. 1896 मध्ये निघालेल्या कागदाच्या लगद्याच्या कारखान्याच्या दगडी इमारती आहेत त्या, आता संग्रहालय. आत एक अख्खं घर आणून ठेवलंय, आर्तुर विल्नव या न्हाव्याचं. 1957 पासून या माणसाने आपलं राहतं घर आतून-बाहेरून रंगवलं : भिंती, छत, दर्शनी बाजू, काही म्हणजे काही सोडलं नाही. तिथल्या बाईंना मी वारल्यांच्या भिंतींविषयी सांगितलं, गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक, आणि वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे. त्यांनी ते नाव माझ्याकडून लिहून घेतलं. तू आलीस तर हे घर पाहिल्याशिवाय जाऊ नकोस.

तादुसाकला देवमासे पाहिले. सागने जिथे सेंट लॉरेन्सला मिळते तिथे थंड पाणी खालून वर येतं, त्याबरोबर खाद्य येतं आणि त्यामागे देवमासे. पांढरेशुभ्र बेलुगाही दिसले. सुंदर होतं, पण भाषेच्या दृष्टीने त्या दिवशी सगळे गप्पच होते.

माश्तेउयाचची सहल मात्र अजून डोक्यातून जात नाही. लाक-सँ-जाँ तळ्याच्या काठावर इलनू या इथल्या मूळ रहिवाशांची ही वस्ती. त्या तळ्याला ते पेकुआकामी म्हणतात. संग्रहालय दाखवणारी मुलगी आपल्याहून लहान असेल. सुरेख फ्रेंच बोलत होती. बर्चच्या सालीच्या होड्या, बर्फावर चालायच्या जाळीदार चपला दाखवून झाल्यावर तिने सांगितलं की 1960 मध्ये इथे निवासी शाळा उघडली आणि ती 1991 पर्यंत चालली. मुलांना आईवडिलांपासून काढून तिथे ठेवायचे, आणि त्यांची स्वतःची भाषा मोडून त्यावर फ्रेंच बसवायचे. आता ती स्वतः आजीची भाषा वर्गात जाऊन शिकते आहे.

मी तिथे उभी होते, ‘फक्त फ्रेंच’च्या कागदावर हौसेने सही केलेली. मला रात्री खोलीत जाऊन आईशी मराठीत बोलता येत होतं आणि पाच आठवड्यांनी निघून जाता येत होतं. त्या मुलांना यातलं काहीच नव्हतं. परतीच्या बसमध्ये आम्ही याच विषयावर बोललो, फ्रेंचमध्येच. आमच्यातला एक मुलगा चिडला होता की सहलीच्या दिवशी हे कशाला. मला वाटतं, हे दाखवलं नसतं तर कार्यक्रम खोटा झाला असता. लोकांच्या नाचगाण्यात आणि जेवणात आपण घुसतो, तर त्यांनी कुणाचं काय घेतलं तेही ऐकून घ्यायला हवं. शिकवणाऱ्यांनी ते टाळलं नाही याचा मला फार आदर वाटतो.

शेवटच्या आठवड्यात व्हेय्ये झाली, म्हणजे जुन्या पद्धतीची नाचगाण्याची रात्र. व्हायोलिन, एकमेकांवर वाजवायचे लाकडी चमचे, बसल्या जागी दोन्ही पायांनी धरलेला ठेका. चार-चार जोड्यांचा चौकोन, आणि एक माणूस वरून नाचाचे हुकूम गाऊन सांगतो. उजवीकडे, हात धरा, जोडीदार बदला. ऐकलं नाहीत तर धडकता. जमलेल्यांत शेजारपाजारची म्हातारी मंडळीही होती; त्यांनी आम्हाला खांदे धरून योग्य जागी ढकललं. तुर्तियेरवाल्या बाईही आल्या होत्या. त्यांनी मला दोनदा आपल्या चौकोनात ओढलं.

टोरोंटोतली आपली मंडळी हल्ली पुष्कळ फ्रेंच शिकतात. 2023 पासून एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे पीआर मिळवायच्या गुणांवर चालणाऱ्या योजनेत, फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात, त्यामुळे सगळा जोर परीक्षेवर. मी आल्यापासून दोघातिघांनी फोन करून विचारलं, ‘स्कोअर किती वाढेल?’ त्यात चूक काही नाही, आपणही मार्कांसाठीच शिकलो. पण त्यांना मी आता सांगते की वर्गाच्या फीमध्ये सहली आहेत का ते आधी बघा, आणि असतील तर एकही चुकवू नका.

आता तुझ्या वर्गाचं. साठ मुलं, एक फळा आणि बोर्डाचा अभ्यासक्रम, हे मला माहीत आहे. तळं आणि देवमासे तू आणू शकत नाहीस. पण इंप्रोला काय लागतं? चिठ्ठ्या, शिट्टी, दोन रंगांचे पुठ्ठे. बाकं मागे सरकवली की रिंगण तयार. आठवड्यातला एक तास प्राचार्यांकडे मागून घे. निकालाची काळजी वाटली तर तोंडी परीक्षेची तयारी म्हणून सांग, ते खरंही आहे. विषय इथले देऊ नकोस. ‘शेवटची लोकल’, ‘गणपतीची वर्गणी’, ‘दहावीचा निकाल’ असे दे. मुलांकडे सांगण्यासारखं असलं पाहिजे.

दुसरं म्हणजे, शिकूतिमीत ओळख झालेले दोघे जण व्हिडिओ कॉलवर यायला तयार आहेत, त्यातल्या एक त्या तुर्तियेरवाल्या बाई. त्यांची सकाळ साडेसातला सुरू होते, म्हणजे तुझ्याकडे संध्याकाळचे पाच. त्यांना शिकवायचं नाहीये, फक्त ऐकायचंय. मुलांनी त्यांना पुरणपोळी तोंडी शिकवावी, कागदाशिवाय. पुरण किती घट्ट हवं हे समजावताना काय धांदल उडेल त्याची कल्पना कर! सप्टेंबरचा दुसरा किंवा तिसरा शनिवार चालेल का ते कळव, त्याप्रमाणे मी त्यांना सांगते. इंप्रोच्या चिठ्ठ्यांचे आणि फाउलच्या खुणांचे फोटो वेगळे पाठवतेय. मामांना आणि काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
रेवती