रुग्णाच्या फाइलला सरकारसाठीही कुलूप हवं

मा. केंद्रीय आरोग्य मंत्री,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

आभा, म्हणजे रुग्णाच्या डिजिटल नोंदी एकत्र जोडणारा आरोग्य खाते क्रमांक, ऐच्छिक आहे आणि रुग्णाच्या संमतीशिवाय त्याच्या नोंदी कुणाला मिळणार नाहीत, हे वचन आपलं मंत्रालय 2021पासून देत आलं आहे. डॉक्टरांपुरतं ते नीट बसवलंही आहे. दवाखान्याने जुन्या नोंदी मागितल्या की रुग्णाच्या मोबाइलवर विनंती येते: कशासाठी, कोणते कागद, कोणत्या तारखांमधले, परवानगी केव्हा संपणार. दिलेली परवानगी त्याला मागेही घेता येते.

सरकार मागतं तेव्हा यातलं काय उरतं?

2023च्या डेटा संरक्षण कायद्याचं कलम 17 काढून बघा. गुन्ह्याच्या तपासासाठी संमतीची अट नाही. सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली केंद्राने अधिसूचित केलेल्या यंत्रणेला तर हा कायदाच लागू नाही. न्यायालयाचा आदेश या कलमात कुठेच लागत नाही. पोलिसांची बाजूही तशीच सैल आहे. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम 94खाली ठाण्याचा अधिकारी स्वतःच लेखी आदेश काढू शकतो. त्यात ‘सर्व कागदपत्रे’ एवढंच लिहिलं असलं, तर हाडाच्या फ्रॅक्चरसोबत मनोविकाराच्या गोळ्या आणि गर्भपाताची नोंदही ठाण्यात पोहोचू शकते. कागदी केस पेपर एकाच रुग्णालयात पडून असायचा. आभाशी जोडलेल्या सगळ्या नोंदी मात्र एका धाग्यात ओवल्या जातात.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2011च्या नियमांतही सरकारला सूट दिलेलीच. पण लेखी विनंती, हेतूचा स्पष्ट उल्लेख आणि माहिती पुढे कुणाला देणार नाही अशी हमी, एवढी तरी अट. त्या नियमांत वैद्यकीय नोंदी ‘संवेदनशील’. नव्या कायद्यात तो वर्गच नाही: मोबाइल नंबर आणि एचआयव्हीचा रिपोर्ट एकाच पारड्यात! 2018मध्ये आपल्याच मंत्रालयाने ‘दिशा’ या डिजिटल आरोग्य माहितीच्या सुरक्षेच्या कायद्याचा मसुदा काढला, त्यात आरोग्य माहितीचा मालक रुग्ण होता. तो मसुदा तुम्ही सोडून दिलात.

आणि नोव्हेंबर 2025मध्ये तुमच्या सरकारने काय केलं? वैयक्तिक माहिती नाकारू देणारं माहिती अधिकाराचं कलम 8(1)(ञ) आणखी कडक करणारी, याच डेटा कायद्यातली दुरुस्ती ताबडतोब लागू केलीत. त्याच कायद्यातली नागरिकाला संरक्षण देणारी मुख्य कलमं मात्र 18 महिन्यांनी. खासगीपणाचं नाव घेऊन आधी सरकारी फाइल झाकलीत आणि रुग्णाची उघडी ठेवलीत. लोकांनी सरकारला बघायचं नाही, सरकारने लोकांचं रक्त-लघवीसुद्धा बघायचं, ही कुठली लोकशाही?

जमत नाही असं सांगू नका. एचआयव्ही कायदा 2017 सालीच झाला. त्यात कुणालाही स्वतःला एचआयव्ही आहे की नाही हे उघड करायला भाग पाडायचं तर न्यायालयाचा आदेश लागतो. तोच नियम सगळ्या वैद्यकीय नोंदींना लावा. आदेशात आजार आणि तारखा नेमक्या असू द्या, बाकीची फाइल बंद राहू द्या. कुठल्या सरकारी कार्यालयाने, कोणत्या दिवशी, काय पाहिलं, याची नोंद रुग्णाच्या आभा ॲपमध्ये दिसू द्या. तपास चालू असेल तर तो संपल्यावर दाखवा, पण दाखवा.

लेखी उत्तराची वाट पाहत आहे.

कळावे,
एक नागरिक