विषय: एअर पिस्तुलाचा 500 ग्रॅमवर न टिकणारा ट्रिगर आणि तुमच्या माणसाने मला शिकवलेलं वजनमाप

प्रति,
व्यवस्थापक, विक्री व सेवा विभाग

आज दुपारी 3 वाजून 40 मिनिटांनी तुमच्या सेवा विभागाने माझा सहावा फोन मधेच ठेवून दिला, म्हणून हे पत्र. बिल नंबर, सीरियल नंबर मागच्या पाचही मेलमध्ये आहेत. पुन्हा लिहीत नाही.

10 मीटरचं एअर पिस्तूल तुम्ही 1,82,000 रुपयांना विकलंत, "नियमात बसतं, पेटीतून काढा आणि मॅच खेळा" असं सांगून. आम्ही पेटीतून काढलं, मुलगी मॅच खेळली आणि बाद झाली.

420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या मापपेटीत ते बसतं. 1500 ग्रॅमच्या आतही आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझी तक्रार ट्रिगरची आहे. तो सुटायला किमान 500 ग्रॅम जोर लागला पाहिजे, आणि तेही मॅच संपेपर्यंत, नुसतं आदल्या दिवशी तपासणीच्या टेबलावर नाही. हे तुम्हाला मी सांगायचं?

आदल्या दिवशी पास झालं. नळी वर करून ट्रिगरला अडकवलेलं 500 ग्रॅमचं वजन उचललं, ट्रिगर गप्प. दुसऱ्या दिवशी 60 शॉट झाले, 561 गुण आले, तिचे आजवरचे सगळ्यात जास्त. लगेच रँडम तपासणीत तिचं नाव निघालं. पहिल्यांदा वजन उचललं, टक्, ट्रिगर सुटला. दुसऱ्यांदा टक्. तिसऱ्यांदा तर वजन टेबलावरून पुरतं सुटलंही नव्हतं. 561 गेले. पोरगी रडलीसुद्धा नाही, बुटांच्या लेस सोडत बसली.

त्यानंतर पिस्तूल 23 दिवस तुमच्याकडे होतं. परत आलं ते "ट्रिगर तपासला, ओके" अशा चिठ्ठीसह. ओके म्हणजे काय ते मी घरी पाहिलं. अ‍ॅडजस्टमेंटच्या स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून लाल नेलपॉलिशची एक रेघ ओढली. 40 शॉटनंतर रेघेचे दोन तुकडे झालेले, स्क्रूवरचा अर्धा बाजूला सरकलेला. कोचचं वजन लावलं तर टक्. स्क्रू जागा सोडतोय, एवढं साधं आहे. व्हिडिओ पाठवलाय, तो तुमच्याकडे कोणी उघडलेलाही नाही.

आता आजचा फोन.

"मॅडम, 500 ग्रॅमच हवेत ना? तुमचं पिस्तूल 960 ग्रॅमचं आहे. म्हणजे पासच आहे."

मी म्हटलं, ते पिस्तुलाचं वजन झालं, मी ट्रिगरचं बोलतेय.

"पण ट्रिगर पिस्तुलातच असतो ना, मॅडम?"

मला दोन सेकंद काही सुचेना. बावीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढलीत, लोकांना समजावून सांगायची सवय आहे. त्यालाही सांगितलं: बोटाने किती जोर लावल्यावर ट्रिगर सुटतो, ते हे वजन. पलीकडे कीबोर्ड वाजला. मग, "हलका आहे तर चांगलंच की! मुलीला सोपं जाईल." आणि त्यावर, "तुम्ही मिस्टरांना फोन देता का? टेक्निकल आहे, त्यांना कळेल."

मिस्टर तेव्हा गॅसपाशी चहा टाकत होते. त्यांनी तिथूनच "मला नको" म्हणून हात हलवला. मी म्हटलं, तुम्ही मलाच सांगा. फोन बंद.

960 म्हणजे पास! मग पुढच्या मॅचला तिला वरवंटा देऊन पाठवते, तो तर हमखास पास होईल. एवढं बोलायचं नव्हतं, पण तुमच्या लोकांनी बोलायला लावलं.

पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरचं तर राहिलंच. 2025 मध्ये "नवीन माल" म्हणून दिलेल्या पिस्तुलाच्या सिलिंडरवर छाप 2016 चा. त्याची मुदत दहा वर्षं असते, म्हणजे आमच्या वाट्याला जेमतेम एक वर्ष. विचारलं तर उत्तर, "हवा तर भरतेय ना?" 200 बार दाबाच्या सिलिंडरबद्दल हे बोलणं! मॅचच्या इक्विपमेंट कंट्रोलने, म्हणजे साहित्य तपासणाऱ्यांनी, तो बघितला तर पुन्हा बाद कोण होणार? तुमचा माणूस नव्हे.

टोकियोत ऐन पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, तो सगळ्या देशाने पाहिला. पुढे 2024 ला पॅरिसमध्ये तिने पदकं घेतली आणि तुमच्या दुकानात काचेवर "चॅम्पियन घडवतो" लागलं. तीच काच बघून आमची मुलगी या ब्रँडवर अडून बसली होती. रेंजचं भाड्याचं पिस्तूल बरं होतं, असं आता तीच म्हणते. मला याचं जास्त लागलंय.

नवीन ट्रिगर युनिट आणि चालू तारखेचा सिलिंडर द्या. स्क्रू पुन्हा घट्ट करून पाठवू नका, तो पुन्हा सैल होईल, हे मी वर सांगितलंच आहे. नाहीतर पैसे परत करा. 15 दिवस देते. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवून झाली आहे, पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. नेलपॉलिशचा व्हिडिओ तिथे तरी कोणी उघडेल.

फोन करायचा तर संध्याकाळी सहानंतर करा. मिस्टरांना नको, मला.

एक ग्राहक