सिनेमाच्या नावापुढे साल छापा की!

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात रोज 'आज टीव्हीवर' आणि 'थिएटरमध्ये' असे दोन चौकोन येतात, त्यात सिनेमाचं नाव आणि टायमिंग सोडून काही नसतं. त्या नावापुढे साल, भाषा आणि डिरेक्टर एवढं छापायला लागा, बस्स, ह्याच्यासाठी पत्र लिहितेय. हसाल तुम्ही, पण मी इकडे दापोलीच्या बाजूला वाचनालयात बसते आणि पेपर वाचायला येणारे निम्मे लोक तुमचा तो चौकोन मलाच वाचून विचारतात, "हा तोच ना गं?" आता नुसत्या नावावरून तोच की दुसरा हे मी कुठून सांगू.

सगळ्यात मोठा घोळ तुंबाडचा. तुंबाड आमच्या शेजारच्या खेड तालुक्यातलं, जगबुडीच्या काठचं, आणि श्री. ना. पेंडसे तर दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, म्हणजे घरचेच. त्यांची 'तुंबाडचे खोत' ही कादंबरी 1987 ला आली, दोन जाडजूड खंड, खोतांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची कहाणी, आमच्याकडच्या प्रतीचं बाइंडिंग सुटलंय तरी लोक नंबर लावतात. आणि 2018 चा 'तुंबाड' हा राही अनिल बर्वेंचा हिंदी सिनेमा, नाव पेंडशांच्या कादंबरीवरून घेतलेलं पण खोतांशी काडीचा संबंध नाही, गोष्टीचं मूळ नारायण धारपांच्या भयकथेत, आत तो हस्तर नावाचा हावरा राक्षस, सोन्याची मुद्रा आणि न थांबणारा पाऊस. त्यातला वाडा आमच्या अमक्याच्या मामाचा असं छातीठोक सांगणारे पण भेटतात, अहो तो सासवडचा पुरंदरे वाडा. सप्टेंबर 2024 ला हा सिनेमा परत थिएटरला लागला तेव्हा आमच्या वाडीतलं एक अख्खं घर, आजी, सुना, नातवंडं, जेवणाचा डबा वगैरे घेऊन, गाडी करून बघायला गेलं, कारण काय तर पेपरात 'तुंबाड' वाचलं आणि आजींनी दोन्ही खंड तरुणपणी वाचलेले. सिनेमाला 'ए' सर्टिफिकेट! पोरांना दारातच अडवलं, मग सुना पोरांना घेऊन बाहेर आइस्क्रीम खात बसल्या आणि आजी एकट्या आत. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "पेंडश्यांनी असला अभद्रपणा कधी लिहिला नव्हता हो." त्यांना मी अजून समजावतेय. खरं सांगायचं तर सिनेमा भारी आहे, मला फार आवडला, पण खोतांच्या आशेने गेलेल्या बाईला हस्तर दाखवायचा म्हणजे काय.

दुसरा किस्सा देवळातलाच. वर्धापनदिनाला रात्री भजन आटपलं की सभामंडपात मोठा टीव्ही लावून काहीतरी भाविक सिनेमा बघू असं मानकऱ्यांनी ठरवलं, कोणीतरी म्हणालं स्वामी समर्थांचा तो देऊळवाला लागणार आहे, पेपरातही होतं 'देऊळ, रात्री 9'. आता स्वामींचा तो 'देऊळ बंद', 2015 चा, देव न मानणारा शास्त्रज्ञ आणि स्वामी अशी गोष्ट. आणि 'देऊळ' 2011 चा, उमेश कुलकर्णींचा, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, त्यात केश्याला उंबराखाली दत्त दिसतो तिथपर्यंत सगळे हात जोडून बसलेले, पण मग गावाचे पुढारी त्या दत्ताचा जो काही धंदा मांडतात, दुकानं काय, लाऊडस्पीकर काय, ते सुरू झालं आणि सभामंडपात कुजबुज वाढायला लागली. नेमकं त्याच वेळी टीव्हीच्या टेबलावर आमच्याच देवळाच्या जीर्णोद्धाराची पावतीपुस्तकं रबर लावून ठेवलेली! अध्यक्ष उठून रिमोट शोधायला लागले, तर तो पोरांनी चटईखाली सरकवलेला. एरवी भजनात हमखास जाणारी लाइट त्या दिवशी शेवटपर्यंत गेली नाही. मला विचाराल तर त्या रात्री गावाने योग्य सिनेमा बघितला, पण अध्यक्ष अजूनही तुमच्या पेपरवर राग धरून आहेत.

'नटरंग' आणि 'नटसम्राट'चं तर कायमचंच. दोन्ही 1 जानेवारीलाच रिलीज झाले, एक 2010 ला आणि एक 2016 ला, त्यामुळे नवीन वर्षाला लागलेला तो असं सांगूनही सुटका नाही. एकात शेतमजूर गुणा कागलकर पैलवानी शरीर उतरवून तमाशात नाच्या होतो, दुसऱ्यात म्हातारे अप्पासाहेब बेलवलकर स्वतःच्या पोरांकडून बेघर होतात. आमच्याकडे शॉर्टकट पडलाय, नाचतो तो की रडतो तो. सचिन पिळगांवकरांनी तर स्वतःच दोन काढलेत, 1984 ला 'नवरी मिळे नवऱ्याला' आणि 2004 ला 'नवरा माझा नवसाचा', दोन्हीत जोडी तीच सचिन-सुप्रिया. आम्हाला दुसराच हवा असतो कारण त्यात एसटीने गणपतीपुळ्याला निघालेली मंडळी आहेत आणि नागड्याने दर्शनाला यायचा तो नवस. हिंदीचं काय विचारूच नका, 'दीवार' 1975 चा आणि 2004 चा, दोन्हीत अमिताभ, आता 'दीवार, अमिताभ' असं छापून पण काही कळत नाही, गोदीतला की पाकिस्तानच्या जेलमधला.

कोणी म्हणेल एका नावाचे दोन सिनेमे काढायलाच बंदी घाला. ते होणार नाही आणि होऊही नये. निर्माते आपल्या संघटनेकडे टायटल रजिस्टर करतात खरं, पण 'देसी बॉइज' ह्या सिनेमाच्या नावाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानेच 2015 ला सांगितलंय की नुसत्या नावावर कॉपीराइट लागत नाही. आणि तसंही देऊळ, दीवार हे रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत, कोणाच्या नावावर सातबारा कसा करून द्यायचा. म्हणजे घोळ राहणारच, तो निस्तरायचा कोणी तर छापणाऱ्याने. एखादा कलाकार गेला की तुम्ही चौकटीत त्याच्या सिनेमांची जी यादी देता तिथे तर सालाशिवाय छापूच नका, दोन वेगळ्या सिनेमांतलं काम एकाच्या नावावर चढतं आणि मग तेच कात्रण शाळेच्या भाषणात वाचलं जातं.

जागा नाही हे कारण मात्र सांगू नका. 'तुंबाड, 2018, हिंदी, फक्त प्रौढांसाठी' ह्याला अर्धी ओळ लागते. त्याच पानावर रविवारी राशीभविष्य दोन-दोन येतं, रोजचं वेगळं आणि आठवड्याचं वेगळं, आणि दोन्हीत मकर राशीचं एकमेकांशी जमत नाही. त्यातलं एक काढा, कुठलंही.

आपली,
एक वाचक, ता. दापोली, जि. रत्नागिरी